धबधबा की वाळत घातलेला टॉवेल? (जलरंग, मोकळी शैली)

सातवा_कागद
मंडळी, मदत हवी आहे. महिनाभरात जलरंगात सात धबधबे रंगवून झाले. पहिला बघून घरातून आवाज आला, "हा टॉवेल कुणाचा?" दुसऱ्याला दाढी म्हणाले. तिसरा म्हणे भिंतीवरून चुना ओघळलाय. सातव्याला कुणी काहीच म्हणालं नाही, आणि खरं सांगतो, तेच जास्त लागलं.

माझी पद्धत अशी: फोटो समोर ठेवायचा, पेन्सिलीने एकेक खडक काढायचा, मधे धबधब्याच्या दोन उभ्या रेघा. मग खडक रंगवायचे आणि शेवटी धबधब्यात फिक्या निळ्याने वरून खाली बारीक बारीक रेषा. तळाशी फेस म्हणून गोल टिंबं. कागद ३०० जीएसएम (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस्ड (मध्यम खरखरीत). ब्रश गोल, ४ आणि ८ नंबरचे.

मला हवं आहे ते वेगळंच. लांबून पाणी कोसळताना दिसावं आणि जवळ गेलं की चार फटकारे नि कोरा कागद, एवढंच हाती लागावं. पण मोकळ्या हाताने करायला गेलो की गचाळ होतं आणि जपून केलं की कॅलेंडर. नेमकं कुठे चुकतंय?

(चित्रं टाकत नाही. अजून तेवढा निर्लज्ज झालेलो नाही.)

कोरडा_कुंचला
चित्र न बघताच सांगतो. तुम्ही पाणी रंगवताय.

पाण्याला हात लावू नका. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद आणि तो एकदा गेला की गेला. खडक रंगवा, झाडी रंगवा, खडकांतल्या फटी रंगवा. एवढं करून जे उरेल तो धबधबा. त्या दोन पेन्सिलीच्या रेघा आधी खोडा, टॉवेलाची शिवण तिथेच आहे.

आणि ४ नंबरचा ब्रश महिनाभर कुणाला तरी देऊन टाका. त्याने फक्त रेषा निघतात. निदान १२ नंबरचा गोल घ्या, नाहीतर इंचभर रुंदीचा चपटा.

नुसताच_वाचक
+१. खुर्ची टाकून बसलोय.

सातवा_कागद
@कोरडा_कुंचला, पटलं. पण नुसता कोरा कागद सोडला तर भोक पडल्यासारखं दिसतं, कात्रीने पट्टी कापून काढल्यासारखं. तिथे काहीतरी हवंच ना?

पाणकावळा
भोक दिसतं कारण दोन्ही कडा सारख्याच धारदार, वरपासून खालपर्यंत तीच रुंदी आणि तोच पांढरा. खऱ्या धबधब्यात असं कुठेच नसतं. मी रंगवतो कमी, बघत जास्त बसतो. तर बघून जे कळलं ते लिहितो.

कड्याच्या ओठावर पाणी पांढरं नसतंच. तिथे ते अजून अखंड असतं, काचेसारखं. खालचा खडक त्यातून दिसतो, तपकिरी-हिरवट. वळताना आकाशाची एखादी चमक पकडतं, बस. थोडं खाली आलं की फाटतं, त्यात हवा शिरते, आणि तिथून पांढरं सुरू. म्हणजे सगळ्यात वर एक गडद, किंचित वाकलेली पट्टी हवी. ती दिली की खालचा कोरा कागद आपोआप पडायला लागतो. बहुतेक जण नेमकी हीच गाळतात आणि पांढऱ्याची सुरुवात थेट वरच्या कडेपासून करतात.

दुसरं म्हणजे पडणाऱ्या पाण्याचा वेग वाढत जातो. पहिल्या सेकंदात साधारण ५ मीटर, दोन सेकंद भरेपर्यंत एकूण २० मीटर. त्यामुळे वर एकमेकांना चिकटलेले पाण्याचे गठ्ठे खाली येताना लांब लांब होतात, ताणले जातात, विरतात. म्हणून वरचे फटकारे आखूड आणि दाट, खालचे लांब, तुटक, विरळ. तुमच्या रेषा वरून खालपर्यंत एकसारख्या असतील तर त्या पडत नाहीत, लोंबकळतात. टॉवेल!

मधे कुठेतरी एखादा खडक पुढे आलेला असतोच. पाणी त्यावर आपटून पंख्यासारखं पसरतं. तिथे फटकाऱ्याची दिशा फिरवा. अशी एक जागा असली तरी पुरते.

मिश्रछटा
पाणकावळ्यांच्या प्रतिसादाला माझं थोडं शेपूट. थेंब आणि बुडबुडे त्यांच्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतात, सगळे रंग जवळपास सारखेच, म्हणून पाणी पांढरं दिसतं. म्हणजे उजेड जेवढा, तेवढंच पांढरं. ढगाळ दिवशी किंवा कड्याच्या सावलीत धबधबा बऱ्याचदा वरच्या आकाशापेक्षा गडद असतो! विश्वास बसत नसेल तर एका कागदाला दोन बारीक भोकं पाडा आणि फोटोवर असा ठेवा की एकातून आकाश दिसेल, दुसऱ्यातून पाणी. मी पहिल्यांदा केलं तेव्हा फोटोच खोटा वाटला होता.

म्हणून आकाश कोरं आणि धबधबाही कोरा असं ठेवू नये, दोघं भांडतात. आकाशाला हलका राखाडी वॉश (पातळ रंगाचा सलग हात) द्या. धबधब्याच्या सावलीतल्या बाजूलाही निळसर राखाडीचा अगदी फिका हात फिरवा. शुद्ध कोरा कागद फक्त ऊन लागतं तिथे. माझ्या चित्रात तो धबधब्याच्या पाव भागाहून जास्त क्वचितच असतो.

रबरी_हात
एवढा खटाटोप कशाला? मास्किंग फ्लुइड लावा (वाळून रबर होणारं, कागद झाकणारं द्रव), बिनधास्त रंगवा, वाळल्यावर खरवडून काढा. पांढरा शाबूत.

कोरडा_कुंचला
@रबरी_हात, आणि कडा? मास्किंगची कड सुरीने कापल्यासारखी येते. धाग्याचा मालक भोकाचीच तक्रार करतोय आणि तुम्ही त्याला कात्री देताय.

रबरी_हात
कात्री नीट धरता येत नाही म्हणून कात्री वाईट? मी पट्टीभर लावतच नाही. जुन्या काडीने किंवा ड्रॉइंगच्या निबने उडणाऱ्या थेंबांपुरते ठिपके आणि खडकावरून ओघळणाऱ्या दोन-तीन केसासारख्या धारा, एवढंच. त्या कोऱ्या सोडून दाखवा एका दमात, मग बोलू.

नवशिक्यांसाठी: कागद ठणठणीत कोरडा असतानाच लावायचं. ब्रश आधी साबणात बुडवायचा, नाहीतर त्याला रामराम. हेअर ड्रायर अजिबात नको, रबर कागदात बसतं. आणि दिवसचे दिवस ठेवून देऊ नका, काढताना कागदाची साल निघते. कसं माहीत ते विचारू नका.

कोरडा_कुंचला
ठिपक्यांपुरतं मान्य. पट्टीला नाही म्हणजे नाही.

सातवा_कागद
दोघांचेही आभार, भांडत राहा, माझा फायदा होतोय. आता तळाचं सांगा. तिथे जे धुकं असतं, तुषारांचं, ते माझ्याकडे कापसाच्या बोळ्यासारखं येतं. आणि खडकांचा राखाडी रंग कुठला घ्यायचा? मी काळ्यात पाणी घालतो.

भिजका_कागद
काळा बंद करा हो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, दोनच रंग. निळा जास्त घातला की लांबचा थंड कडा, तपकिरी जास्त घातला की जवळचा ओला खडक, आणि दोन्ही घट्ट घेतले की जवळजवळ काळा, पण जिवंत काळा. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. वाळल्यावर खडकाला जो रवाळ पोत येतो तो फुकटचा. थॅलो निळा मात्र इथे टाळा, तो कागदात मुरतो आणि चुकला तर उचलता येत नाही.

आता क्रम. मी शिकवताना हाच देते, पण प्रत्येक जण आपापला मोडतोड करून घेतो, तसंच तुम्हीही करा.

आधी काडेपेटीएवढं चित्र, पेन्सिलीने, तीनच छटा: कोरं, मधलं, गडद. कोरा आकार एकसंध आणि वेडावाकडा आहे ना, एवढंच तपासायचं. दोन्ही बाजू समांतर दिसल्या तर तिथेच बदला. पुढे निवांतपणे ठरवायला वेळ मिळणार नाही. मोकळं चित्र करताना हात मोकळा असतो, डोकं नाही. सगळं ठरवून झालेलं असतं म्हणून तर हात सुटतो.

कागद शक्यतो रफ, म्हणजे खडबडीत पोताचा घ्या. बोर्ड थोडा तिरका. स्वच्छ पाण्याने फक्त धबधब्याचा तळ आणि आजूबाजूचा भाग भिजवा, कडा वेड्यावाकड्या. वरचा सगळा कागद कोरडा. मग मोठ्या ब्रशात खडकाचा रंग भरपूर घ्या, दुधाइतका दाट, आणि वरून सुरुवात करा. धबधब्याच्या कडेला आलात की ब्रश उभा धरू नका. जवळजवळ आडवा पाडा, पोटावर, आणि झपकन खाली ओढा. रंग कागदाच्या उंचवट्यांवरच लागतो, खळगे कोरे राहतात आणि कड आपोआप फुटते, चमचम करते. हळू ओढलात तर रंग खळग्यांत उतरतो आणि सगळं भरून जातं. इथे वेग हवाच. पण हे फक्त काही ठिकाणी. दुसऱ्या एखाद्या जागी कड धारदार राहू द्या, तिसरीकडे ओल्या ब्रशने पुसून घालवा. एकाच कडेवर तिन्ही प्रकार आले की भोक दिसत नाही.

खाली येता येता ब्रश भिजवलेल्या भागाला लागेल. तिथे रंग स्वतःच विरघळत जाईल. हेच तुमचं धुकं. ते रंगवायचं नसतं, खडक त्यात बुडवायचा असतो. आणि त्याच क्षणी बोर्डाची खालची बाजू उचला, म्हणजे रंग उलट वर सरकेल आणि तळाचा पांढरा वाचेल. सगळ्यांचं चित्र इथेच जातं, कारण हातात ब्रश असतो आणि बोर्ड उचलायचं सुचत नाही. ब्रश खाली ठेवा. दोन्ही हात लावा.

खडक एकेक करून नकोत. एकच मोठा वॉश, त्यात ओलं असतानाच इकडे थोडा सिएना, तिकडे थोडा निळा टाकायचा आणि त्यांना आपसात मिसळू द्यायचं. मग बाजूने उजेडात बघत थांबा. पाण्याची चकाकी गेली पण कागद अजून दमट आहे, असा एक-दोन मिनिटांचा वेळ मिळतो. तेव्हा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडलं की रंग बाजूला सरतो आणि खडकाचे उजळ पैलू निघतात. घाई केलीत तर उलटं होतं: ओला रंग त्या ओरखड्यात शिरतो आणि उजळ रेघेऐवजी काळी रेघ मिळते.

धबधब्याच्या आत अगदी शेवटी, तीन-चार फटकारे. फिका राखाडी, ब्रश टिश्यूवर टिपून, वरून खाली, आणि थांबायच्या आधीच हात उचलायचा. पाचवा मारावासा वाटेल. चहाला जा.

नुसताच_वाचक
ताई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा. "ब्रश खाली ठेवा, दोन्ही हात लावा" हे मी लिहून भिंतीवर लावतोय.

पाणकावळा
अवांतर: प्रत्यक्ष धबधब्यासमोर बसून रंगवणार असाल तर एक गंमत. अर्धा-एक मिनिट पाण्याकडे टक लावून बघा आणि मग नजर शेजारच्या खडकावर न्या. खडक वर सरकताना दिसतो! १८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी हे बघून लिहून ठेवलं आणि तेव्हापासून ह्या दृष्टिभ्रमाला धबधब्याचंच नाव चिकटलंय. तेव्हा खडक आधी काढून घ्या, पाण्याकडे नंतर बघा. नाहीतर खडक का हलतायत म्हणून ब्रशला दोष द्याल.

सातवा_कागद
आठवा झाला. वरचे सगळे प्रतिसाद समोर उघडे ठेवून.

चांगली बातमी: आडव्या ब्रशचा फटकारा जमला. डाव्या कडेला जवळपास बोटभर लांब अशी एक जागा आली आहे की मी स्वतःच चार वेळा उठून लांबून बघून आलो. ओठावरची गडद पट्टीही दिली, आणि खरंच, पाणी वाकून पडतंय.

वाईट बातमी: तळाशी सत्यानाश. धुकं छान विरत होतं. मग वाटलं एक बाजू जरा जास्त गडद झाली, म्हणून ओल्या ब्रशने थोडं पाणी लावलं. दहा मिनिटांनी बघतो तर तिथे फ्लॉवरचा गड्डा! कातरलेल्या कडा, मधे फिकं. आता चित्रात धबधबा भाजीवर पडतोय.

कोरडा_कुंचला
अभिनंदन, आता तुम्ही जलरंगवाले झालात. गड्डा सगळ्यांच्या नशिबी असतो.

कागद निम्मा वाळलेला असताना त्यावर जास्त पाणी गेलं की ते पाणी रंगाचे कण ढकलत बाहेर नेतं आणि जिथे थांबतं तिथे कड सोडतं. नियम साधा: वाळू लागलेल्या वॉशमध्ये जे घालाल ते त्या वॉशपेक्षा कमी ओलं हवं. ब्रशात पाणी जास्त असेल तर हात मागे. चकाकी आहे तोवर वाट्टेल ते करा, चकाकी गेली की पूर्ण वाळेपर्यंत हात बांधून बसा.

भिजका_कागद
फेकू नका तो कागद. पूर्ण वाळू द्या. मग चपट्या, जरा राठ ब्रशने स्वच्छ पाणी लावून गड्ड्याच्या कडा हलकेच चोळा आणि लगेच टिश्यूने टिपा. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलला जातो. कागद पूर्ण कापसाचा असेल तर हे निमूट सोसतो, साध्या लगद्याचा असेल तर लव निघते, तेव्हा दोन-तीन वेळांवर थांबा. उचललेल्या जागेला जी मऊ, पुसट छटा येते ती तुषारांना फार शोभते. कित्येकदा मी धुकं असंच करते, मागाहून.

रबरी_हात
आणि ठिपके हवे असतील तर वाळलेल्या कागदावर ब्लेडच्या टोकाने टिचक्या मारा, कागदाचा वरचा पापुद्रा उडतो आणि पांढरा चमकतो. हे पूर्ण शेवटी, कारण खरवडलेल्या जागी पुन्हा रंग लावला तर तो डागासारखा शोषला जातो. इंग्लिश चित्रकार टर्नर ह्यासाठी अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवून ठेवायचा असं सांगतात. १८०४ चं त्याचं रायखनबाखच्या धबधब्याचं जलरंगचित्र जवळपास मीटरभर उंच आहे. स्वित्झर्लंडला तो १८०२ मध्ये गेला होता, म्हणजे मोठं चित्र नंतर स्टुडिओत झालं. कोऱ्या कागदाच्या सोवळ्यात तोही अडकला नव्हता, एवढंच म्हणायचंय. @कोरडा_कुंचला, वाचताय ना?

कोरडा_कुंचला
वाचतोय. नख आणि रबर ह्यांत फरक आहे. पण बरं.

मिश्रछटा
शेवटी पांढऱ्या ग्वाशचे (अपारदर्शक जलरंगाचे) दोन थेंब उडवले तर जलरंग बाटतो का, हा वाद कुणी काढायच्या आत सांगते: मी उडवते. बाटू दे. फक्त ग्वाशचा पांढरा आणि कागदाचा पांढरा शेजारी शेजारी येऊ देऊ नका. ग्वाश जरा मेलेला दिसतो, खडूसारखा. गडद खडकावर पडलेले थेंब मात्र झकास दिसतात.

अर्धवट_रेघ
थोडा वेगळा सूर लावू का? सगळे "मोकळं, मोकळं" म्हणताय, पण माझा सगळ्यात लाडका धबधबा अजिबात मोकळा नाही. जपानी चित्रकार होकुसाईने १८३३ च्या सुमारास धबधब्यांची आठ लाकडी ठशांची चित्रं केली. त्यातल्या किरिफुरीच्या चित्रात पाणी झाडाच्या मुळांसारखं खडकावर फाटे फोडत उतरतं, निळ्या-पांढऱ्या पट्ट्या, एकही कड पुसट नाही, धुकं नाही. तरी ते टॉवेल वाटत नाही. का? कारण प्रत्येक फाटा खालच्या खडकाला वळसा घालतो. पाण्याखाली काय आहे ते त्याला ठाऊक आहे.

मला वाटतं सातव्या कागदाची खरी अडचण रेषांची नसून रेषा कुठे जातायत ह्याची आहे. रेषा मारा की, पण खडक विचारून.

पाणकावळा
@अर्धवट_रेघ, हे फार आवडलं. "खडक विचारून" उचलतोय.

सातवा_कागद
अर्धवट_रेघ, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस रंगवलंच नाही. फोटोवर पारदर्शक कागद ठेवून पाण्यामागचे खडक कुठे असतील त्याचा अंदाज पेन्सिलीने काढत बसलो. तीन पायऱ्या निघाल्या. माझ्या आधीच्या सातही चित्रांत त्या पायऱ्या नव्हत्याच, मागे सपाट भिंत असल्यासारखं पाणी सोडलं होतं.

मग नववा फाडला (बोर्ड उचलायला विसरलो, भिजका_कागद ताई, माफी), आणि काल रात्री दहावा.

रफ कागद, इंचभराचा चपटा, दोन रंग. आकाशाला फिका राखाडी. खडक एका दमात. बोर्ड उचलला, दोन्ही हातांनी! कार्डाने खरवडताना पहिला ओरखडा घाईत काळा आला, त्याची फट करून टाकली. पाण्यात फटकारे चार, आणि ते तीन पायऱ्यांवर वळलेले. मग खरोखरच चहा करायला उठलो. परत आलो तेव्हा घरातलं एक माणूस चित्रासमोर उभं होतं. म्हणालं, "आवाज येतोय ह्याचा." मी काही बोललो नाही, उगाच कप विसळत बसलो.

चित्र ह्या वेळी टाकतोय. एकच शंका: उजवीकडे तळाशी, धुक्यातून एक खडक अर्धा वर आलाय. तो मी काढलेला नाही, रंग ओघळून आपोआप झाला. ठेवू की पुसू?

भिजका_कागद
हात लावाल तर याद राखा.

कोरडा_कुंचला
ठेवा. आणि तो ४ नंबरचा ब्रश कुणाला दिलात ते सांगा.

सातवा_कागद
दिला नाही. त्याने सही केली.